उशिरा लावलेले कंद



तुमच्या घरी स्वयंपाकघरात कांद्यांची टोपली असेल. वरचे कांदे रोज वापरले जातात. एखादा कांदा मात्र टोपलीच्या तळाशी राहून जातो. काही दिवसांनी पाहावे, तर त्याला हिरवागार कोंब फुटलेला असतो. त्याला कोणी मातीत लावले नाही, कोणी पाणी घातले नाही. मग हा कोंब आला कोठून? अम्मी म्हणते, "अरे, हा कांदा गेला!" आणि तो टाकून देते. मला मात्र असा कांदा दिसला की थोडा वेळ थांबावेसे वाटते. तो बिचारा वाट पाहून पाहून शेवटी आपल्या बळावर निघालेला असतो.

आज मी तुम्हाला कांद्याच्या अशाच काही नातलगांविषयी सांगणार आहे. त्यांना कंद म्हणतात. कांद्यासारखे दिसणारे हे कंद जमिनीत लावले की थंड प्रदेशात वसंत ऋतूत त्यांना सुंदर फुले येतात. या फुलांची नावे तुम्हाला नवीन नाहीत. उर्दू शायरीत तुम्ही ती वाचली आहेत. लाला, नर्गिस, सुंबुल ही ती फुले. आपल्या महाराष्ट्रातल्या गरम हवेत ती सहसा फुलत नाहीत. म्हणून आपण त्यांना पुस्तकातच भेटतो. पण ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे ती अंगणात फुलतात. लाला म्हणजेच ट्युलिप. 'ट्युलिप' हे नावही आपल्या ओळखीच्या शब्दावरून आले, असे मानतात. फारसीत पगडीच्या कापडाला 'दुलबंद' म्हणतात. फुलाचा आकार पगडीसारखा, म्हणून युरोपातल्या प्रवाशांनी त्याला हे नाव दिले असावे.

ही फुले मूळची डोंगराळ मुलखातली. मध्य आशियातील पर्वतांच्या उतारावर ट्युलिप आपोआप उगवतात. बादशहा बाबराला फुलांचे फार वेड होते. काबूलजवळच्या डोंगरांच्या पायथ्याशी त्याने रानटी ट्युलिपचे प्रकार मोजायला लावले. ते बत्तीस-तेहतीस भरले, असे त्याने 'बाबरनामा'मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे तुर्कस्तानच्या सुलतानांनी या फुलांच्या बागा केल्या. तेथून कंद युरोपात गेले. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हॉलंडमधील लायडन गावी ते लावले आणि १५९४ साली तेथे ट्युलिप फुलले. आज हॉलंड म्हटले की ट्युलिपच आठवते. तेथील कॉकेनहोफ या एकाच बागेत दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावले जातात.

आपल्या देशातही अशी एक बाग आहे. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या वरच्या बाजूला सुमारे ३० हेक्टर जमिनीवर ती पसरली आहे. ती २००७-०८ च्या सुमारास तयार झाली. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तेथे लाखो ट्युलिप फुलतात आणि देशभरातून लोक ते पाहायला जातात.

या कंदांची लावणी कधी करतात, हे आता पाहू. त्याचा हंगाम ठरलेला आहे. फूल वसंतात यायचे असले, तरी कंद आधीच्या शरद ऋतूत लावतात. युरोपात सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि काश्मीरमध्ये साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचा काळ. हा काळ कोणी उगाच ठरवलेला नाही. तेव्हा हवा थंड होऊ लागते, पण जमिनीत थोडी ऊब शिल्लक असते. कंदाला त्या उबेत मुळे फुटतात. मग कडक थंडी पडली, तरी मुळे घट्ट धरून तो जमिनीत स्वस्थ झोपतो. वसंत आला की जागा होतो. म्हणून जाणते माळी सांगतात, कंद वेळेवर लावा.

पण वेळेवर लावायचे राहून गेले तर? तुम्हाला जे सांगायचे आहे, ते या प्रश्नाविषयीच.

काही वर्षांपूर्वी माझ्या पतीची बदली श्रीनगरला झाली. आम्ही तेथे तीन वर्षे राहिलो. घरामागे लहानसे अंगण होते. पहिल्याच शरद ऋतूत मी मोठ्या हौसेने ट्युलिपचे आणि नर्गिसचे कंद विकत आणले. पण घर लावण्यात, मुलांच्या शाळेच्या धावपळीत आणि माझ्या आजारपणात दिवस कसे गेले ते कळलेच नाही. कंदांची पिशवी कोठडीत तशीच राहिली. डिसेंबरच्या मध्यावर कोळसा काढायला गेले, तेव्हा ती हाताला लागली. माझा जीव हळहळला. झाडांची पाने कधीच गळून गेली होती. लोक फेरन घालून, आत कांगडी धरून हिंडत होते. आता हे कंद लावून काय उपयोग?

आमच्या शेजारी एक म्हातारे चाचा राहत. त्यांचा सगळा जन्म बागेत माळीकाम करण्यात गेला होता. मी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले.

"चाचा, हे पाहा. लावायचे राहूनच गेले. आता फेकून द्यावे लागणार ना?"

चाचांनी पिशवी अंगणात पालथी केली. म्हणाले, "बेटी, हे मला का विचारतेस? यांना विचार."

"यांना कसे विचारू?"

"एकेक हातात घे आणि दाबून बघ. जो घट्ट लागेल, तो जिवंत आहे. जो मऊ झाला असेल, किंवा आत पोकळ लागेल, तो गेला."

मी एकेक कंद दाबून पाहू लागले. पाच-सहा मऊ झाले होते. एक-दोन हलके, वाळलेल्या टरफलासारखे झाले होते. बाकीचे सगळे घट्ट होते. काहींच्या टोकाला तर पिवळसर कोंबही दिसत होता.

मग चाचांनी मला खुरपे दिले. "आता जमिनीला विचार," ते म्हणाले. मी खुरपे मारले. वरचा थर रात्रीच्या थंडीने कडक झाला होता. पण तो फुटल्यावर खाली माती मऊ होती.

मी म्हणाले, "पण चाचा, वेळ तर निघून गेली."

"कोणाची वेळ? तुझी गेली. यांची अजून आहे."

तरी माझे समाधान होईना. मी विचारले, "त्यापेक्षा जपून ठेवले तर? पुढच्या ऑक्टोबरमध्ये अगदी वेळेवर लावीन."

चाचा हसले. म्हणाले, "पिशवीतला कंद वाट बघत नाही, बेटी. तो स्वतःला खात बसतो."

मित्रांनो, चाचांचे हे बोलणे मला तेव्हा नीट कळले नाही. पुढे वाचन केले, तेव्हा त्याचा अर्थ उलगडला. तो तुम्हीही समजून घ्या.

कंद म्हणजे बी नव्हे. बरीचशी कोरडी बियाणी वर्ष-दोन वर्षे डब्यात टिकतात. कंदाचे तसे नाही. तो श्वास घेत असतो. त्याच्या पापुद्र्यांत अन्न साठवलेले असते, आणि तेच अन्न थोडे थोडे वापरून तो जगतो. कंद उभा कापला, तर मध्यभागी एक इवलीशी गोष्ट दिसते. ती असते फुलाची कळी! ट्युलिपचे फूल वसंतात फुलते खरे, पण त्याची कळी आधीच्या उन्हाळ्यानंतरच कंदाच्या पोटात तयार झालेली असते. म्हणजे आपण कंद लावतो, तेव्हा फूल त्याच्या आत आधीच असते. आपल्याला ते फक्त बाहेर यायला जागा द्यायची असते. कंद पिशवीतच राहिला, तर त्याच्याजवळची शिदोरी संपत जाते. मग तो वाळतो किंवा सडतो. त्याच्याबरोबर आतली कळीही मरते.

या शिदोरीत केवढे अन्न असते, याची एक करुण साक्ष इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथील पश्चिमेकडच्या शहरांत अन्न मिळेनासे झाले. सुमारे २०,००० माणसे त्या दुष्काळात मेली. तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. मधला भाग काढून टाकायचा, उरलेला उकडायचा किंवा वाळवून त्याचे पीठ करायचे. ते चवीला चांगले नव्हते, पण त्यावर कित्येकांनी दिवस काढले. जे अन्न फुलासाठी साठवलेले होते, त्याने माणसांचे प्राण तगवले.

आता थंडीविषयी सांगते. आपल्याला वाटते, थंडी म्हणजे झाडांची शत्रू. या कंदांना मात्र थंडी हवीच असते. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे चांगली थंडी मिळावी लागते. ती मिळाली, तरच वसंतात त्याचा देठ लांब होतो आणि कळी वर येते. म्हणूनच आपल्या गावात ट्युलिप लावले, तरी ते नीट फुलत नाहीत. आपल्याकडे माती आहे, पाणी आहे, ऊन तर भरपूर आहे, पण तेवढी थंडी नाही.

थंडीचा हा परिणाम आपल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. नाशिककडच्या एखाद्या कांदा लावणाऱ्याला विचारा. थंडी जास्त पडली की कांद्याच्या पिकात मध्येच फुलांचे दांडे निघतात. त्यांना डेंगळे म्हणतात. डेंगळे आले की कांदा चांगला पोसत नाही, म्हणून शेतकरी वैतागतो. पण ज्याला कांद्याचे बी घ्यायचे असते, तो मुद्दाम कांदे निवडून हिवाळ्याच्या तोंडाशी लावतो. थंडी लागावी आणि फुले यावीत, हाच त्याचा हेतू असतो. कांदा आणि ट्युलिप दोघांनाही फुलण्याचा निरोप थंडीच देते.

माझ्या कंदांचा हिशेब चाचांनी बोटांवर केला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' सुरू होते. 'चिल्ला' म्हणजे चाळीस, हे तुम्हाला सांगायला नको. चाळीस दिवस कडाक्याची थंडी पडते. त्यानंतर वीस दिवसांचे 'चिल्लई खुर्द' आणि मग दहा दिवसांचे 'चिल्लई बच्चा'. असे सत्तर दिवस, म्हणजे दहा आठवडे झाले. त्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा गारठा धरला, की बारा-तेरा आठवडे सहज भरतात. "थंडी यांच्या पुढ्यात आहे, मागे नाही. म्हणून हे फुलतील," चाचा म्हणाले.

त्या दुपारी आम्ही कंद लावले. टोक वर आणि बूड खाली धरून, साधारण १५ सेंटीमीटर खोल. चाचा म्हणाले, "एरवीपेक्षा जरासे खोलच लाव. उशिरा आलेल्याला पांघरूण जास्त लागते." वर माती लोटून त्यावर वाळलेली पाने पसरली. आठवड्याभरात सगळे अंगण पांढरे झाले.

येथे मी केलेली एक चूकही सांगते. सगळे कंद बाहेर गारठ्यात लावायला माझे मन धजेना. त्यांतले तीन कंद मी कुंडीत लावले आणि कुंडी बैठकीच्या उबदार खोलीत ठेवली. मनात म्हटले, आधीच उशीर झाला आहे, यांना तरी लवकर वाढू दे. ते कंद खरोखरच लवकर उगवले. जानेवारीतच हिरवी पाने दिसू लागली. मला फार आनंद झाला. पण पुढे देठ वाढेचना. एक कळी पानांतच अडकून सुकली. बाकीच्या दोघांना कळी दिसलीही नाही.

बाहेरचे कंद मात्र मार्च संपला तरी दिसत नव्हते. मोठ्या बागेत ट्युलिप फुलले. शेजाऱ्यांच्या अंगणात फुलले. आमच्या अंगणात नुसती माती. मी चाचांकडे तक्रार केली, की ते हात हलवून म्हणत, "ज्यांना नोव्हेंबरमध्ये घरात घेतले, ते आधी उठणारच." शेवटी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मातीला तडे गेले आणि कोंब वर आले. महिनाअखेरीस, मोठ्या बागेतल्या पाकळ्या गळू लागल्या होत्या, तेव्हा आमचे ट्युलिप फुलले.

मी तुम्हाला खरे तेच सांगणार. सगळे कंद फुलले नाहीत. ट्युलिप बहुतेक सगळे फुलले, पण त्यांचे देठ आखूड होते. नर्गिसचे तर त्या वर्षी नुकसानच झाले. निम्म्यांना नुसती पाने आली. नर्गिसला मुळे धरायला जास्त दिवस लागतात, म्हणून त्याला लवकर लावावे लागते. उशिराची किंमत त्याला जास्त मोजावी लागली. पण मी ती पाने कापली नाहीत. ती उन्हात आपले काम करीत राहिली आणि खाली कंदात अन्न साठत गेले. पुढच्या वसंतात तेच नर्गिस शेजाऱ्यांच्या नर्गिसबरोबर, अगदी त्यांच्या वेळेला फुलले. त्यांना उशिरा लावले होते, हे कोणाला सांगूनही खरे वाटले नसते.

या सगळ्यावरून माझे एक मत झाले आहे. उशीर होणे आणि वेळ संपणे, या दोन गोष्टींत फार फरक आहे. पण आपण त्या एकच समजतो. तारीख उलटली, की आपण म्हणतो, "आता काय उपयोग!" तारीख तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. कंद जिवंत आहे की नाही, हे कॅलेंडरला ठाऊक नसते. जमीन खणता येते की नाही, पुढे थंडी किती उरली आहे, हेही त्याला ठाऊक नसते. ते कंद हातात घेऊन आणि जमिनीत खुरपे घालूनच कळते. आपण तेवढे कष्ट घेत नाही. न तपासताच पिशवी उकिरड्यावर टाकतो.

दुसरी गोष्ट अशी, की सर्वांची योग्य वेळ एक नसते. नर्गिसला लवकर लावावे लागते. ट्युलिपला मात्र थोडा उशीर मानवतो. ट्युलिपवर एक बुरशी पडते. तिने पाने भाजल्यासारखी दिसतात, म्हणून इंग्रज माळ्यांनी त्या रोगाला 'ट्युलिपची आग' असे नाव दिले आहे. जमीन चांगली थंड झाल्यावर कंद लावले, तर या रोगाची भीती कमी होते. म्हणून तेथील जाणकार ट्युलिप नोव्हेंबरमध्ये, म्हणजे इतर कंदांच्या मागून लावायला सांगतात. एकाचा उशीर ती दुसऱ्याची वेळ असू शकते.

माझे हे मत सर्वांना पटत नाही. माझ्या एक मैत्रीण आहेत, त्याही शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, "असे सांगितले, तर मुले आळशी होतील. उशीर झाला तरी चालते, असे त्यांना वाटेल." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण मी उशिराला चांगले म्हणतच नाही. पाच-सहा कंद मऊ झाले, ते माझ्या हयगयीमुळेच. देठ आखूड राहिले, तेही त्यामुळेच. वेळेवर लावता आले असते, तर वेळेवरच लावायला हवे होते. माझे म्हणणे एवढेच, की एकदा चूक झाल्यावर तिच्यावर दुसरी चूक करू नये. उशीर झाला, ही पहिली चूक. उशीर झाला म्हणून लावलेच नाही, ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. पहिल्या चुकीने देठ आखूड होतो. दुसरीने फूलच नाहीसे होते.

आणि कुंडीतल्या त्या तीन कंदांना विसरू नका. त्यांना उशीर झाला म्हणून ते वाया गेले नाहीत. उशीर भरून काढण्याच्या घाईत मी त्यांची थंडी चुकवली, म्हणून ते वाया गेले. उशिरा येणाऱ्याला अंगणात जागा मिळाली पाहिजे, पण हिवाळ्यातून त्यालाही जावेच लागते.

मी हे सगळे तुम्हाला का सांगत आहे? कारण श्रीनगरहून परत आल्यावर मी पुन्हा शाळेत शिकवू लागले आणि तेथे मला चाचांची आठवण येण्यासारखा प्रसंग आला.

एके दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेत आल्या. मुलगी चौदा वर्षांची होती. सातवीत असताना तिने शाळा सोडली होती. आई आजारी पडली, घरात दोन लहान भावंडे होती आणि वडील कारखान्यात रात्रपाळीला जात. घर सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तिने जवळजवळ दोन वर्षे घर सांभाळले. आता आई बरी झाली होती. आई मला म्हणाली, "टीचर, हिला शिकायचे आहे. पण सगळे म्हणतात, आता काय शाळा! वेळ गेली. लहान मुलींच्या शेजारी बसायला लाज वाटेल हिला." मुलगी खाली मान घालून उभी होती.

मी तिच्या हातात पुस्तक दिले आणि एक परिच्छेद वाचायला सांगितला. ती अडखळत वाचू लागली. मध्ये दोनदा थांबली. पण परिच्छेद संपल्यावर तिने आपणहून विचारले, "टीचर, या शब्दाचा अर्थ काय?" माझ्या मनात आले, हा कंद घट्ट आहे.

२००९ साली आपल्या देशात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ज्या मुलाची शाळा मध्येच सुटली, त्याला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवावे, असे हा कायदा सांगतो. मागे पडलेला अभ्यास भरून निघावा, म्हणून त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही सांगतो. शिक्षण पूर्ण होण्याआधी चौदा वर्षे उलटली, तरी आठवीपर्यंतचे शिक्षण त्याला मोफत मिळते. कायदा लिहिणाऱ्यांनी काश्मीरच्या माळ्याला विचारले नसेल. पण त्यांनी दोन्ही गोष्टी बरोबर ओळखल्या. उशिरा आलेल्यासाठी दार उघडे ठेवले आणि अभ्यासाचा हिवाळाही चुकू दिला नाही.

ती मुलगी शाळेत आली. वर्षभर शाळा सुटल्यावर ती एक तास थांबत असे. गणिताला मात्र तिने फार त्रास काढला. पहिल्या परीक्षेत तिला कमी गुण मिळाले आणि वर्गातल्या दोघी-तिघी हसल्या. त्या दिवशी ती रडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. हसणाऱ्या मुली वाईट नव्हत्या. त्यांना नोव्हेंबरमध्ये जमिनीत जागा मिळाली होती आणि हिला डिसेंबरमध्ये, एवढेच. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले. त्यांतलीच एक पुढे तिला बीजगणित समजावून देऊ लागली.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कोणीतरी उशिरा आलेले असेल. कोणी आजारातून उठून आलेला असेल, कोणी गाव सोडून आलेला असेल, कोणी चार पैसे मिळवण्यासाठी वर्षभर कामाला गेलेला असेल. त्याचे वय विचारून हसू नका. त्याला तुमची वही द्या. कदाचित उशिरा आलेले तुम्हीच असाल. मग दुसऱ्याच्या अंगणात फुले आली म्हणून आपली माती उकरून पाहू नका. पाने येईपर्यंत धीर धरा. आणि "पुढच्या वर्षी अगदी नीट सुरुवात करीन" असे म्हणून पिशवी परत कोठडीत ठेवू नका.

श्रीनगर सोडताना मी चाचांचा निरोप घ्यायला गेले. ते अंगणात बसून कसले तरी कंद निवडत होते. डिसेंबर महिना चालू होता. मी विचारले, "चाचा, तुम्हालाही उशीर झाला?"

ते म्हणाले, "एका दुकानदाराने फेकून दिले होते. दाबून पाहिले. निम्मे घट्ट आहेत." आणि त्यांनी माझ्या हातात खुरपे दिले.